संगणकातील शालेय दप्तराची राखीव प्रत : अडचणी आणि उपाय

वसमत, कळमनुरी ह्या भागांतील हळद पिकविणारा शेतकरी आपली सारी हळद शिजवून बाजारात कधीच नेत नाही. काढणी झाली की तो जेठे गड्डे व बगल गड्डे निवडून बाजूला काढतो, झाडाच्या सावलीत त्यांचा ढीग रचतो आणि त्यावर हळदीचा पाला पसरतो. हे पुढील वर्षाचे बेणे होय. परंतु बेणे राखून ठेवले एवढ्याने त्याचे काम संपत नाही. मधून मधून ढीग उघडून पाहावा लागतो व कुजलेले गड्डे वेचून टाकावे लागतात. न तपासलेला ढीग लागवडीच्या दिवशीच उघडला आणि तो आतून सडलेला निघाला, तर दोष कोणाला देणार?

शाळेच्या दप्तरालाही हाच न्याय लागू पडतो. विद्यार्थ्यांची माहिती, हजेरीपट, निकालपत्रके, शालेय पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या याद्या हे सर्व लेखन आता बहुतांशी संगणकावर होते. ‘सरल’ व ‘युडायस प्लस’ ह्या प्रणालींत भरावयाची माहिती शिक्षक आधी आपल्या संगणकात तक्त्यांच्या रूपाने तयार करतात, आणि शाळेत विजेची किंवा संगणकाची सोय पुरेशी नसली की हे काम घरच्या संगणकावर रात्री उशिरापर्यंत चालते. अशा घरच्या संगणकात कित्येक वर्षांचे दप्तर साठलेले असते. ते एकाच यंत्रात असावे आणि त्याचे बेणे कोठेच नसावे, ही स्थिती चिंताजनक आहे. कित्येक ठिकाणी बेणे ठेवण्याचा प्रयत्न होतो, परंतु काही बिघाडामुळे ते पुरतेपणी तयारच होत नाही आणि ही गोष्ट फार उशिरा ध्यानात येते. ह्या बिघाडांची कारणे कोणती व ती कशी शोधावीत, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

नोंदीचे महत्त्व

दप्तरातील एका ओळीवर एखाद्या मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. जन्मतारीख, जात, पूर्वीची शाळा ह्या नोंदी शिष्यवृत्ती, वसतिगृहातील प्रवेश, जातीचा दाखला ह्या सर्वांच्या मुळाशी असतात. ऊसतोडीसाठी कुटुंब स्थलांतर करते तेव्हा मुलाची माहिती नव्या ठिकाणच्या शाळेला वेळेवर मिळाली नाही, तर त्याचे वर्ष वाया जाण्याचा धोका असतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने मराठवाड्यातील जिल्ह्यांत निजामकालीन जुन्या कागदपत्रांचा शोध घेण्यात आला, तेव्हा शाळांच्या जुन्या प्रवेश-नोंदवह्याही उघडून पाहण्यात आल्या. ज्या शिक्षकांनी त्या ओळी लिहिल्या त्यांना त्यांचा असा उपयोग होईल ह्याची कल्पनाही नसेल. आज संगणकात टंकलेल्या ओळीची गरज कोणाला, कधी पडेल हे असेच आज सांगता येणार नाही.

राखीव प्रत म्हणजे काय

संगणकातील माहितीची दुसऱ्या, स्वतंत्र साधनावर काढून ठेवलेली नक्कल म्हणजे राखीव प्रत. व्यवहारात तिला ‘बॅकअप’ म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात केवळ फाइलींची नक्कल काढली जाते. दुसऱ्या प्रकारात विंडोज ही मूळ कार्यप्रणाली, तिच्यावर बसविलेल्या आज्ञावली व फाइली ह्या सर्वांचे एकत्रित चित्र घेतले जाते. त्याला ‘सिस्टिम इमेज’ म्हणतात. संगणकाची डिस्क निकामी झाली, तर दुसऱ्या प्रकारच्या प्रतीवरून सारा संगणक जसाच्या तसा उभा करता येतो. पहिल्या प्रकारात केवळ दप्तर परत मिळते, आज्ञावली नव्याने बसवाव्या लागतात. शिक्षकाच्या दृष्टीने पहिला प्रकार अनिवार्य व दुसरा सोयीचा समजावा.

राखीव प्रतीविषयी दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. पहिला असा की, ‘सी’ ड्राइव्हमधील फाइली ‘डी’ ड्राइव्हमध्ये उतरविल्या म्हणजे प्रत तयार झाली. बहुतेक घरगुती संगणकांत ‘सी’ आणि ‘डी’ हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. एकाच पेटीचे दोन खण असावेत तसा हा प्रकार आहे. पेटी जळाली तर दोन्ही खण जळतात. दुसरा गैरसमज असा की, गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फाइली आपोआप जुळवून ठेवल्या जातात, म्हणजे त्या सुरक्षित आहेत. जुळवणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. संगणकातील फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते, आणि संगणकातील फाइल बिघडली की बिघडलेली फाइलच तिकडे जाते. गूगल ड्राइव्हच्या टोपलीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते व त्यानंतर कायमची नाहीशी होते. चूक उन्हाळ्याच्या सुटीत झाली आणि जूनअखेर ध्यानात आली, तर ती मुदत संपलेली असते. शिवाय तेथील १५ जीबी विनामूल्य जागा ई-पत्रे, छायाचित्रे व फाइली ह्या सर्वांत वाटली जाते. छायाचित्रांनी ती भरली की नव्या फाइली जाणे थांबते, आणि ही सूचना पुष्कळदा वाचलीच जात नाही.

बिघाड शोधण्याची रीत

राखीव प्रत निघत नाही असे दिसताच घाईने जुन्या प्रती पुसू नयेत. नवी प्रत हाती येऊन तपासली जाईपर्यंत जुनी प्रत, मग ती कितीही जुनी असो, हाच एकमेव आधार असतो. पडद्यावर जो संदेश येतो तो आकड्यांसह वहीत उतरवून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. ‘काहीतरी एरर आला’ एवढे सांगून दुरुस्ती करणाऱ्यालाही काही कळत नाही. संदेशातील क्रमांक हा रोग्याच्या नाडीसारखा असतो.

त्यानंतर पुढील चार घटक क्रमाने तपासावेत : ज्यातून माहिती घ्यावयाची ती डिस्क, माहिती वाहून नेणारी तार व जोडणी, जिच्यावर माहिती ठेवावयाची ती बाहेरची डिस्क, आणि हे काम करणारी आज्ञावली. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहावा. तार, डिस्क आणि आज्ञावली एकदमच बदलली व काम सुरू झाले, तर दोष कोठे होता हे समजत नाही, आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

नेहमी आढळणारे बिघाड

१. बाहेरची डिस्क संगणकाला दिसत नाही. हा दोष बहुधा जोडणीचा असतो. प्रथम यूएसबीची दुसरी खाच वापरून पाहावी. मेजावरील संगणकात पुढच्या बाजूची खाच कधीकधी आतून नीट जोडलेली नसते, म्हणून मागील बाजूची खाच वापरणे चांगले. एका खाचेतून अनेक फाटे काढणारे साधन मध्ये असल्यास ते काढून डिस्क सरळ जोडावी, कारण फिरत्या तबकडीच्या डिस्कला त्यातून पुरेशी वीज मिळत नाही. त्यानेही काम न झाल्यास तार बदलावी. डिस्क दुसऱ्या संगणकावर दिसली, तर दोष पहिल्या संगणकात आहे. तेथेही दिसली नाही, तर दोष तारेत किंवा डिस्कमध्ये आहे. क्वचित डिस्क दिसते, परंतु तिचे अक्षर बदललेले असते. काल ‘एफ’ असलेली डिस्क आज ‘जी’ होते आणि ठरवून दिलेले काम ‘एफ’ शोधीत थांबून राहते. अशा वेळी राखीव प्रतीचे स्थान नव्याने निवडून द्यावे, किंवा ‘डिस्क मॅनेजमेंट’ मध्ये जाऊन डिस्कला तिचे पूर्वीचे अक्षर परत द्यावे.

२. जागा अपुरी पडते. संदेशात ८००७०० ७० असा, म्हणजे सलग वाचल्यास ८००७००७०, हा क्रमांक असेल, तर जागा संपली असे समजावे. सिस्टिम इमेजला लागणारी जागा संगणकातील वापरलेल्या जागेइतकी मोठी असू शकते. संगणकात ८० जीबी माहिती असेल, तर ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर तिचे चित्र मावणार नाही हे उघड आहे. डिस्क विकत घेताना संगणकातील वापरलेल्या जागेच्या निदान दुप्पट जागा असलेली घ्यावी, म्हणजे दोन प्रती राहू शकतात.

३. डिस्कची मांडणी योग्य नाही. पुष्कळ पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ ह्या जुन्या मांडणीचे असतात. ह्या मांडणीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल राहू शकत नाही, मग पेनड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो. जागा मोकळी दिसत असून ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला, तर हेच कारण असते. विंडोजच्या सिस्टिम इमेजला ‘एनटीएफएस’ मांडणीची डिस्क लागते, आणि कंट्रोल पॅनलमधील आज्ञावली त्यासाठी साधा पेनड्राइव्ह स्वीकारीतच नाही. म्हणून ह्या कामाला बाहेरची हार्ड डिस्कच वापरावी. मांडणी बदलण्यासाठी डिस्क ‘फॉरमॅट’ केल्यास तिच्यावरील सर्व काही पुसले जाते. तेव्हा आधी तिच्यातील माहिती अन्यत्र हलवावी.

४. कार्यप्रणालीच्या छोट्या कप्प्यात जागा नाही. क्रमांक ८०७८०११९ हा अनेकांना बुचकळ्यात टाकतो. बाहेरच्या डिस्कवर भरपूर जागा असूनही संगणक ‘जागा नाही’ असे सांगतो. येथे तक्रार बाहेरच्या डिस्कविषयी नसते. विंडोज बसविताना संगणक आपल्यासाठी एक लहानसा कप्पा राखून ठेवतो. प्रत घेताना त्याचीही क्षणचित्र-छाया घ्यावी लागते, आणि ५०० एमबीहून लहान कप्प्यात त्यासाठी निदान ५० एमबी जागा मोकळी असावी लागते. ती नसल्यास सारे कामच थांबते. हा कप्पा वाढविण्याचे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे, कारण त्यात चूक झाल्यास संगणक सुरू होणार नाही. तोपर्यंत दप्तराच्या फाइलींची साधी नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. मोठे काम अडले म्हणून छोटे थांबवू नये.

५. छाया घेणारी सेवा बंद आहे. उघड्या व वापरात असलेल्या फाइलींचीही प्रत घेता यावी म्हणून विंडोजमध्ये ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ नावाची सेवा असते. संगणक ‘वेगवान’ करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या काही आज्ञावली तिला बंद करून टाकतात. ‘सर्व्हिसेस’ ह्या यादीत ही सेवा व ‘विंडोज बॅकअप’ ही सेवा शोधावी. त्यांच्यापुढे ‘डिसेबल्ड’ असे लिहिलेले असेल, तर ते बदलून ‘मॅन्युअल’ करावे व संगणक पुन्हा सुरू करावा. एक्सेलचे तक्ते प्रत घेण्यापूर्वी बंद करण्याची सवय लावून घेतल्यास ह्या अडचणीचा त्रास पुष्कळ कमी होतो.

६. मूळ डिस्कच खराब होत आहे. प्रत घेताना काम एकाच टक्क्यावर अडकून राहते, ‘आय-ओ डिव्हाइस एरर’ असा संदेश येतो, संगणकातून टकटक आवाज येतो किंवा फाइल उघडण्यास फार वेळ लागतो. ही सारी लक्षणे गंभीर आहेत. येथे उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ ह्या पानावर डिस्क तपासण्याची सोय आहे, परंतु तिच्याकडे लगेच वळू नये. त्या तपासणीत डिस्कवर पुष्कळ ताण पडतो, आणि मरणोन्मुख डिस्क त्या ताणानेच बंद पडण्याची शक्यता असते. आधी सर्वांत महत्त्वाच्या फाइली हाताने निवडून बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात : प्रथम विद्यार्थ्यांची मूळ माहिती, मग निकाल, मग हिशेब. छायाचित्रे व चित्रफिती सर्वांत शेवटी घ्याव्यात. त्यानंतरच तपासणी करावी, आणि दोष आढळल्यास डिस्क बदलावी. दुरुस्त झाल्यासारखी दिसणारी अशी डिस्क दप्तरासाठी पुन्हा वापरू नये.

७. ठरलेल्या वेळी काम होतच नाही. राखीव प्रतीची वेळ रात्री दोन वाजताची ठरविलेली असते आणि घरचा संगणक त्या वेळी बंद असतो. हे सर्वांत साधे कारण सर्वांत जास्त वेळा आढळते. वेळ अशी ठरवावी की त्या वेळी संगणक निश्चितपणे चालू असेल. दुसरे कारण संगणकाच्या घड्याळाचे. जुन्या संगणकातील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा ‘सीआर २०३२’ सेल संपला की वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग ठरवून दिलेली वेळ चुकते, नव्या प्रतीवर जुनी तारीख पडते आणि कोणती प्रत अलीकडची हे कळेनासे होते. सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. संगणक सुरू करताच तारीख चुकीची दिसली, तर हा सेल बदलावा. त्याचा खर्च अल्प असतो.

८. मध्येच वीज जाते. प्रत निम्मी झाली असता वीज गेली, तर ती प्रत अपुरी राहते, आणि कधीकधी बाहेरच्या डिस्कची मांडणीही बिघडते. मेजावरील संगणकाला यूपीएस जोडलेला असावा आणि त्याची बॅटरी खरोखर काही मिनिटे टिकते ह्याची खात्री करून घ्यावी. भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच मोठी प्रत घ्यावयास बसावे. काम झाल्यावर डिस्क ओढून न काढता ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावी.

प्रत निघाली, परंतु अपुरी

काही बिघाड कोणताही संदेश देत नाहीत. पडद्यावर ‘काम यशस्वी’ असे दिसते आणि प्रत मात्र निरुपयोगी असते. असे बिघाड अधिक घातक होत.

विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ ही सोय मुळात बंद असते. ती सुरू केल्यावरही ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डेस्कटॉप’ अशा ठरावीक जागांतील फाइलीच ती उतरविते. पुष्कळ शिक्षक मात्र दप्तर ‘डी’ ड्राइव्हमध्ये स्वतंत्र फोल्डर करून ठेवतात, आणि ते फोल्डर प्रतीत येतच नाही. अशा फोल्डरवर उजवी कळ दाबून ते ‘लायब्ररी’त समाविष्ट करावे, म्हणजे त्याचीही प्रत निघू लागते.

दुसरी अडचण मराठीची आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत लिहिलेल्या फाइली आजही शाळांत आहेत. ह्या फाइलींची नक्कल नव्या संगणकावर नेली आणि तेथे तो टंक नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन माळ दिसते. फाइल शाबूत असूनही ती वाचता येत नाही. म्हणून फाइलींबरोबर त्या टंकांचीही नक्कल राखीव प्रतीत ठेवावी. त्याहून उत्तम उपाय म्हणजे असे महत्त्वाचे दस्तऐवज हळूहळू युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. रूपांतर केल्यावर जोडाक्षरे, रफार आणि आकडे बारकाईने पडताळून पाहावेत, कारण चुका तेथेच राहतात. एखाद्या मुलाच्या आडनावातील रफार गळाला, तर पुढे ते आडनाव दाखल्यावर तसेच उतरते.

उलट प्रवास करून पाहणे

राखीव प्रत खरी की खोटी हे तिच्यावरून माहिती परत आणून पाहिल्याशिवाय कळत नाही. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार ह्या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाचा बराच भाग संगणकांतून पुसला गेला. राखीव प्रती घेण्याची व्यवस्था तेथे होती, परंतु त्या प्रती नीट निघत नव्हत्या, आणि ही गोष्ट त्या दिवशीच उघडकीस आली. गॅलिन ससमन ह्या तंत्रज्ञ महिलेला नुकतेच मूल झाले होते. घरून काम करता यावे म्हणून चित्रपटाची नक्कल त्यांच्या घरच्या संगणकात ठेवलेली होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारीने जपून कार्यालयात आणण्यात आला आणि काम वाचले. एवढ्या मोठ्या संस्थेला अखेर एका घरच्या संगणकाने तारले. मात्र योगायोगावर विसंबून राहणे हे नियोजन नव्हे.

म्हणून महिन्यातून एकदा शिक्षकाने प्रतीतील कोणत्याही तीन फाइली निवडाव्यात : एक जुनी, एक नवी आणि एक मोठी. त्या दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहाव्यात. नावे वाचता येतात का, आकडे जुळतात का, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, हे मूळ फाइलीशी ताडून पाहावे. ह्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. वर्षातून एकदा, बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत, दप्तराचे संपूर्ण फोल्डर प्रतीवरून परत आणून पाहावे.

प्रत कोठे ठेवावी

ह्या क्षेत्रातील जाणकारांचा एक सोपा नियम आहे : माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या इमारतीत असावी. पहिली प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी शाळेच्या कपाटात किंवा इंटरनेटवरील साठ्यात, अशी व्यवस्था कोणत्याही शिक्षकाला करता येण्यासारखी आहे.

दुसऱ्या इमारतीचा आग्रह अनाठायी नाही. २०२२ च्या जुलै महिन्यात वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी घरांत शिरले. २०२४ साली २१ मार्च व १० जुलै ह्या दोन्ही दिवशी हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के जाणवले. संगणक आणि त्याची राखीव डिस्क एकाच मेजावर असतील, तर अशा प्रसंगी दोन्ही एकदमच जातात. ह्याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची ६१ पदे १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात समाविष्ट झाली आणि पंजाबात स्वतंत्रपणे जपली गेली. एका ठिकाणचे काही हरवले, तरी दूरच्या ठिकाणी ते राहावे हा लाभ अंतरानेच मिळतो.

बाहेरची डिस्क संगणकाला सदैव जोडून ठेवणे हीदेखील चूक आहे. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे विषाणू संगणकाबरोबर जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही कुलूपबंद करतात. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ ह्या विध्वंसक विषाणूने मर्स्क ह्या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले. रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या गटाचे मालधक्क्याचे कामही त्यामुळे विस्कळित झाले. कंपनीची सारी व्यवस्था ज्यांच्या नोंदींवर चालत होती, असे सुमारे १५० मुख्य संगणक एकमेकांच्या प्रती म्हणून काम करीत होते. ते सर्व एकमेकांना जोडलेले असल्याने एकदमच पुसले गेले. फक्त आफ्रिकेतील घाना देशातील एक संगणक वाचला. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. ज्या भारनियमनाला सर्वजण दोष देतात त्यानेच येथे उपकार केला. ह्यावरून घ्यावयाचा धडा एवढाच की, प्रत काढून झाली की डिस्क संगणकापासून वेगळी करावी.

जुन्या कार्यप्रणालीचा धोकाही ध्यानात घ्यावा. विंडोज ७ चे अधिकृत साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असे संगणक चालतात, परंतु त्यांचे रक्षण दुबळे झालेले असते. ज्यांना ते बदलणे शक्य नाही, त्यांनी राखीव प्रतीबाबत दुप्पट दक्ष राहावे.

मुलांच्या माहितीचे रक्षण

राखीव प्रत म्हणजे मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे भ्रमणध्वनी व बँक खात्यांचे तपशील ह्यांची आणखी एक प्रत होय. तिचे रक्षण मूळ दप्तराइतकेच काटेकोरपणे झाले पाहिजे. ती डिस्क चित्रपट किंवा गाणी नेण्या-आणण्यासाठी कोणालाही देऊ नये. फाइलींना संकेतशब्द लावावा, आणि तो मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवावा, नाही तर बदलीनंतर येणाऱ्या शिक्षकाला प्रत असूनही ती उघडता येणार नाही. संगणक दुरुस्तीला देताना शक्य असल्यास दप्तर आधी काढून घ्यावे. मूळ हस्तलिखित जनरल रजिस्टरची जागा मात्र कोणतीही डिस्क घेऊ शकत नाही. ते वेळच्या वेळी लिहिले जावे आणि वाळवीपासून व ओलीपासून जपले जावे.

उपसंहार

ह्या सर्व विवेचनाचा सारांश थोडक्यात असा : प्रत नियमाने काढावी, दर महिन्याला उघडून पाहावी, संगणकापासून वेगळी ठेवावी, एक प्रत दूर ठेवावी, आणि बिघाड झाल्यास संदेश लिहून घेऊन एकेक कारण क्रमाने तपासावे. प्रत कोणत्या तारखेला काढली, कोठे ठेवली व कोणी तपासली ह्याची नोंद एका साध्या वहीत ठेवल्यास बदली होऊन गेलेल्या शिक्षकाचे कामही पुढे अखंड चालू राहते. शिक्षकाचा संगणक बिघडला, तर तो दुसरा घेऊ शकतो. परंतु ज्या मुलाची नोंद नाहीशी झाली, ते मूल ती पुन्हा लिहू शकत नाही. त्याच्या वतीने ती जपण्याचे काम शिक्षकाकडेच आहे. हळदीचा ढीग सावलीत ठेवून जो शेतकरी तो वेळोवेळी उघडून पाहतो, त्याचे शेत लागवडीच्या वेळी कधी ओस पडत नाही.